लिलाधरच्या अंगठ्याचा भाव

सुरुवातीलाच सांगून टाकतो. लिलाधरला कर्णधार ठेवण्याचा माझा निर्णय बरोबर होता, आजही बरोबर आहे आणि पुढच्या वर्षीही मी तोच घेणार आहे. आमच्या क्वार्टरच्या ओळीतल्या अकरा जणांचं मत वेगळं आहे. असू दे. अकरा जण एकाच वेळी चुकू शकतात, हे मी तेवीस वर्षांच्या नोकरीत दर आठवड्याच्या मीटिंगला पाहत आलो आहे.

मी ताराचंद, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला राहतो. इथल्या सरकारी फॅक्टरीत स्टोअरला हेड क्लार्क आहे. धान कापून झालं की आमच्या कॉलनीबाहेरच्या मैदानावर जिल्ह्यातल्या आठ संघांची खुली फुटबॉल स्पर्धा होते. रविवारी सामने. खेळणारे खेळतात, पण खरी झुंज मैदानाबाहेर आम्हा बारा जणांत चालते. तिचं नाव कागदी फुटबॉल. हल्लीची पोरं मोबाइलवर पैसे लावून आपापले संघ बनवतात ना, तसंच. फक्त आम्ही सरकारी नोकर असल्यामुळे पैशाचं नाव काढत नाही, सगळं कागदावर. आठही गावांच्या खेळाडूंतून प्रत्येकाने आपले अकरा निवडायचे. खरा खेळाडू जितका वेळ खेळतो आणि जितके गोल मारतो, त्याचे गुण आपल्या कागदी संघाला मिळतात. आपल्या कर्णधाराचे गुण दुप्पट. प्रत्येक खेळाडूचा एक भाव असतो आणि तो क्लबच्या फळ्यावर खडूने लिहिलेला असतो. जितके जास्त लोक त्याला घेतील तितका भाव चढतो.

जिंकणाऱ्याला वर्षभर हातांची खुर्ची मिळते. साइडलाइनला, कडुनिंबाच्या सावलीत. बाकीचे सतरंजीवर बसतात. आणि जो शेवटचा येतो त्याने वर्षभर प्रत्येक सामन्याला क्लबच्या नळापासून मैदानापर्यंत वीस लिटरचा पाण्याचा कॅन वाहायचा. गेली तीन वर्षं तो कॅन मी वाहतो आहे. मला खेळ कळत नाही म्हणून नव्हे. माझे अंदाज काळाच्या पुढे असतात, एवढंच.

यंदा मात्र चित्र पालटलं होतं. आंधळगावच्या संघात लिलाधर नावाचा पोरगा आहे. चोवीस-पंचवीसचा, ढिवराच्या घरचा. सकाळी बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, मासोळीसाठी जाळं टाकतो आणि संध्याकाळी फुटबॉल खेळतो. दोन्ही अनवाणी. पहिल्या रविवारी त्याचा भाव तीन होता तेव्हा मी त्याला घेतलं आणि कर्णधार केलं. सगळे हसले. मग त्याने गटातल्या तीन सामन्यांत सात गोल मारले. उपांत्य सामन्यात दोन, तेही उजव्या पायाच्या अंगठ्याने टोचून, गोलकीपरला हलायलाही मिळालं नाही. आंधळगाव पहिल्यांदा फायनलला गेलं, समोर साकोली. लिलाधरचा भाव बारा झाला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा फळ्यावर सगळ्यात वर आलो. त्या दिवशी मी रिकामा कॅन परत नेताना मुद्दाम क्लबसमोरून नेला.

सोमवारी सकाळी दाढीचा ब्रश खाली पडला. उचलायला वाकलो तो वाकलेलाच राहिलो. कंबरेत अशी उसण भरली की ना वर जाता येईना, ना खाली. तीन वर्षांच्या कॅनचा हिशेब कंबरेने एका सकाळी चुकता केला.

आता शेजारधर्म सुरू झाला. एकाने एरंडाची पानं आणली, दुसऱ्याने गरम विटेचा शेक सांगितला, तिसऱ्याने मला दाराच्या चौकटीला लोंबकळायला लावलं. माझ्या बायकोने, ज्योत्सनाने, चहा ठेवता ठेवता साधा उपाय सुचवला. "आवो, त्या पायाळूले दाखवा ना. इश्वरभाऊले दोन दिवसांत फरक पडला होता."

इथे मला जरा थांबून माझी अडचण सांगावी लागेल. आईच्या पोटातून जो डोक्याऐवजी पायांनी बाहेर येतो तो पायाळू. त्याने कंबरेवर लाथ मारली की उसण उतरते, अशी आपल्याकडे समजूत आहे. मागच्या वर्षी आमचा शेजारी इश्वर असा लाथ खायला गेला होता. आणि त्याच महिन्यात विज्ञान दिनाला कॉलनीच्या सभागृहात 'अंधश्रद्धा आणि आपण' या विषयावर माझं भाषण होतं. वीस मिनिटं बोललो. उदाहरण हवं होतं, म्हणून इश्वरचं घेतलं. एकविसाव्या शतकात शिकलासवरलेला माणूस लाथ खायला चाळीस किलोमीटर जातो, असं मी म्हणालो. हशा झाला, टाळ्या पडल्या. इश्वर पहिल्या रांगेत बसला होता. तेव्हापासून तो माझ्याशी बोलतो, पण फार अदबीने बोलतो, आणि ते जास्त लागतं.

तेव्हा मी ज्योत्सनाला फटकारलं आणि शास्त्रशुद्ध मार्गाने डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि कंबरेचा पट्टा दिला. रुंद, करड्या रंगाचा, पाठीमागे उभ्या चार पोलादी पट्ट्या शिवलेला. दिवसभर काढायचा नाही म्हणाले. तो पट्टा बांधून मी मंगळवारी ऑफिसला गेलो. खुर्चीत बसलो की उठता येईना, म्हणून दिवसभर उभा राहिलो. माझ्या हाताखालच्या लोकांना वाटलं, साहेब नजर ठेवून आहेत. त्या दिवशी स्टोअरमध्ये विक्रमी काम झालं.

पण रविवारी फायनल होती, आणि सगळ्यात वर असलेल्या माणसाने फायनलला वाकून येणं बरं दिसत नव्हतं. शिवाय कॅन अजून माझ्याच अंगावर होता. बुधवारी पहाटे मी ज्योत्सनाला सांगितलं की तुमसरला स्टॉक तपासायला चाललो आहे. तिने डबा दिला आणि काही विचारलं नाही. इथेच मला शंका यायला हवी होती.

कारण इश्वरला लाथ मारणारा पायाळू कोण, हे मला माहीत होतं. आंधळगावचा. ढिवराचा. लिलाधर.

माझ्या कागदी संघाचा कर्णधारच माझा वैद्य होता. मला तर यात एक प्रकारचा शुभसंकेतच दिसला. संकेतावर माझा विश्वास नाही, पण दिसला. बसमध्ये मी मोहाडीपर्यंत उभ्याने गेलो, पुढे ऑटोत आडवा.

लिलाधरचं घर बोडीच्या बांधाला लागून. अंगणात बांबूवर जाळी वाळत घातलेली. त्याची आई गुणाबाई टोपलीतली मासोळी निवडत बसली होती. मला वाकलेला पाहून तिने काय काम आहे ते विचारलंच नाही. नुसती आत हाक मारली, "लिला, कंबर आली गा."

लिलाधर केस पुसत बाहेर आला. मी माझी ओळख करून दिली आणि तो माझ्या संघाचा कर्णधार आहे हेही सांगितलं. कागदी फुटबॉल म्हणजे काय हे त्याला समजावून सांगायला वेळ लागला. आपण इथे जाळं टाकत असताना तिकडे बारा साहेब लोक आपला भाव खडूने लिहितात, हे ऐकून तो आधी लाजला आणि मग गंभीर झाला. मी गोल नाही मारला तर तुमचं काय जाते, असं त्याने विचारलं. पाणी भरावं लागतं, असं मी सांगितलं. तो पोट धरून हसला. तेव्हाच मी त्याच्याकडून शब्द घेतला, की मी इथे आलो होतो हे कोणालाही सांगायचं नाही. माझं भाषण, माझी नोकरी, माझी इज्जत, सगळं त्याला समजावलं.

"आईची आन, साहेब," तो म्हणाला. "तुमचं नाव माह्या तोंडातून निघनार नाई."

मग त्याने मला भिंतीला हात टेकवून उभं केलं. शर्ट काढा म्हणाला. मी थंडी वाजते असं सांगितलं. खरी गोष्ट अशी, की आत पट्टा होता. दिवसभर काढायचा नाही हा डॉक्टरचा हुकूम होता, आणि उपचारावर विश्वास ठेवायचाच झाला तर एकाच वेळी दोन्हींवर ठेवावा, म्हणजे कोणताही वाया जात नाही, असा माझा हिशेब होता. स्टोअरचा माणूस प्रत्येक गोष्टीचा राखीव साठा ठेवतो. आणि पट्टा काढला तर मी डॉक्टरचं सोडून लाथेकडे आलो असं झालं असतं. पट्टा असेपर्यंत मी फक्त निरीक्षणाला आलो होतो.

तीन लाथा मारायची पद्धत. पहिली हळू. मला काही कळलीच नाही. दुसरीही कळली नाही. कळणार कशी, मधे पोलाद होतं. पण त्या वेळी माझ्या मनात आलं ते असं, की एवढ्या लांबून आलो आणि हा पोरगा नुसता पाय पुसल्यासारखं करतो आहे. मी भिंतीकडे तोंड करूनच म्हणालो, "काहीच लागून नाही राहिलं बाबू. जरा फुटबॉलसारखी मार ना."

त्याने फुटबॉलसारखी मारली.

ताटावर उलथनं पडावं तसा आवाज झाला. मी भिंतीला चिकटलो. मागे वळून पाहिलं तर लिलाधर उजवा पाय दोन्ही हातांत धरून एका पायावर उड्या मारत होता. माझा शर्ट वर सरकला होता. गुणाबाई उठून आली, तिने माझ्या पाठीवर बोटाने टकटक करून पाहिलं.

"भाऊ," ती म्हणाली, "लोखंड बांधून कोनाच्या पायासमोर उभं रायतात का?"

मी शर्ट खाली ओढला. पाचच मिनिटांत तो अंगठा बटाट्याएवढा झाला होता. मी लिलाधरला पाठुंगळी घेतलं, ऑटोपर्यंत नेलं आणि भंडाऱ्याला हाडाच्या डॉक्टरकडे पोचवलं. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. जिनाही मीच त्याला चढवला.

डॉक्टरांनी फोटो काढला. हाड शाबूत होतं, पण अंगठ्याच्या मुळाचा सांधा मुरगळला होता. लोक गुडघ्याला जपतात, घोट्याला जपतात आणि अंगठ्याला कोणी विचारत नाही, अशी त्यांची तक्रार होती. माणूस पळतो तेव्हा प्रत्येक पावलाला सगळं अंग शेवटी त्या एका अंगठ्यावर येतं आणि तोच त्याला पुढे ढकलतो. तो दुखला की वेग गेला, वळणं गेलं, उडी गेली. चेंडू टोचायचं तर नावच नको. तीन आठवडे मैदान बंद. फार तर उभ्या उभ्या, तळव्याच्या आतल्या कडेने चेंडू सरकवता येईल, असं म्हणून त्यांनी अंगठा शेजारच्या बोटाला बांधून टाकला. इजा कशाने झाली, असं त्यांनी विचारलं. लिलाधरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, दगड लागला. डॉक्टरांनी लिहून घेतलं, दगड.

बाहेर आल्यावर लिलाधर हळूच म्हणाला की फायनल चार दिवसांवर आहे. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला बरं वाटलं असतं.

बातमी माझ्या आधी कॉलनीत पोचली होती. आंधळगावचा पोरगा लंगडतो आहे. गुरुवारी संध्याकाळी क्लबच्या फळ्यावर लिलाधरचा भाव बाराचा नऊ झाला, नऊचा पाच, आणि दिवे लागेपर्यंत दोन. सगळ्यांनी त्याला काढून टाकलं. माणसाचा एक अंगठा सुजतो आणि शहाणीसुरती, पेन्शनच्या वाटेवरची माणसं खडूसाठी रांग लावतात, हे पाहून मला विषाद वाटला. मग सगळे माझ्याकडे वळले. कर्णधार बदला, हा एकच सल्ला अकरा जणांनी अकरा तऱ्हांनी दिला. फायनलचे गुण चौपट असतात. कर्णधार बसला तर वरचा माणूस थेट खाली येतो. इश्वर तर घरी आला आणि फार अदबीने म्हणाला, साकोलीचा सेंटर फॉरवर्ड घ्या, तुमची खुर्ची पक्की आहे.

मलाही ते पटलं होतं. शुक्रवारी पाचपर्यंत बदल करता येतो. मी आमचे सचिव धर्मेंद्र यांच्याकडे गेलो. धर्मेंद्र आस्थापना शाखेत आहेत. कागदी फुटबॉलची नियमावली त्यांनी लिहिली आहे, चौदा पानं, आणि ती रजेच्या नियमांवरून लिहिली आहे. त्यांनी मला 'कर्णधार बदलाचा अर्ज' दिला, तीन प्रतींत. रकाना सात: दुखापतीचे कारण, स्थळ, वेळ व साक्षीदार. सोबत डॉक्टरांचा दाखला. खोटी माहिती आढळल्यास सभासदत्व रद्द.

मी दाखला दाखवला. धर्मेंद्रांनी चष्मा लावला. दगड कुठला, असं त्यांनी विचारलं. मैदानातला की मैदानाबाहेरचा? दगड खेळाडूला लागला की खेळाडू दगडाला? पहिल्या प्रकाराला कलम चार, दुसऱ्याला कलम चार-ब. आणि साक्षीदार कोण? मी म्हणालो, घरून लिहून आणतो.

शुक्रवारी दुपारी मी चार वेळा तो रकाना लिहिला. चारही वेळा खोडला. खरं लिहावं तर अर्ज क्लबच्या फलकावर आठ दिवस लागतो. 'कारण: ताराचंद यांची कंबर.' त्याच सभागृहाच्या बाहेर, जिथे मी वीस मिनिटं बोललो होतो. पावणेपाचला मी अर्ज फाडला, क्लबात गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं की मी कर्णधार बदलणार नाही. संकटात खेळाडूला सोडणाऱ्यांतला मी नाही. एका-दोघांच्या नजरेत तर मला आदर दिसला. खोटं कशाला सांगू, मलाही क्षणभर माझ्याविषयी आदर वाटला.

तो शनिवारी सकाळी संपला. इश्वरने मोबाइल दाखवला. आंधळगावच्या लोकांत एक निरोप फिरत होता. लिलाधरला काही झालेलं नाही, साकोलीवाल्यांनी त्याला पैसे देऊन फोडला आहे, फायनल सोडायला लावलं आहे. तसं नसतं तर दुखलं कसं हे त्याने सांगितलं असतं. कोणी विचारलं की तो मान खाली घालतो. संघाचा म्होरक्या मोतीलाल याने त्याच्याकडून जर्सी परत मागून घेतली होती.

मी गच्चीवर जाऊन लिलाधरला फोन केला. अरे, सांगून का टाकत नाहीस, असं विचारलं.

"तुमालेच तं शब्द देला ना, साहेब," तो म्हणाला. मग म्हणाला, "काल बोडीवर जाळं ओढाले कोनी आलं नाई. मायनं ओढलं माह्यासंगं."

मला माझी लाज वाटली. यात मी विनोद करणार नाही. एक पोरगा माझ्या इज्जतीसाठी स्वतःची इज्जत घालवून बसला होता, आणि माझी इज्जत म्हणजे काय होती, तर एक भाषण.

आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला रागही आला. मोतीलालचा आला, त्या निरोपाचा आला, फळ्यावरच्या त्या दोनचा आला. कोणाचा अंगठा दुखला म्हणून त्याचा भाव दोन कसा होतो? मी ठरवलं, आता माघार नाही. ज्योत्सनाला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता सांगितलं की तुमसरला स्टॉक तपासायला जाणारा माणूस नवा बनियन घालून जात नाही.

रविवारी मैदान भरलं होतं. एका बाजूला साकोली, दुसऱ्या बाजूला आंधळगावची माणसं ट्रॅक्टर भरून आलेली. लिलाधर आला होता, पण संघाजवळ नव्हता. दूर, गुणाबाईच्या शेजारी, पायाला पट्टी बांधून एकटा बसला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार हात जागा मोकळी होती.

मी कॉमेंट्रीच्या टेबलाजवळ गेलो आणि माइक मागितला. पाण्याची सूचना द्यायची आहे, असं सांगितलं. माइक हातात आल्यावर मी बोलायला सुरुवात केली. मी फॅक्टरीचा हेड क्लार्क ताराचंद. गेल्या वर्षी विज्ञान दिनाला पायाळूच्या लाथेवर वीस मिनिटं बोललेला तोच मी. या बुधवारी मी आंधळगावला लाथ खायला गेलो होतो. शर्टाच्या आत पोलादी पट्टा घालून गेलो आणि तो लपवला. वर जोरात मार म्हणून सांगितलं. लिलाधरचा अंगठा माझ्या कंबरेने मुरगळला आहे, साकोलीने नाही. माझं नाव सांगायचं नाही असा शब्द मी त्याच्याकडून घेतला आणि त्याने तो पाळला. ज्याला शंका असेल त्याने पुरावा बघावा. असं म्हणून मी शर्ट वर केला आणि गोल फिरलो. पट्ट्याच्या मधल्या पोलादी पट्टीला अंगठ्याएवढा पोचा पडला होता.

मैदान हसलं. मनापासून, दोन्ही बाजूंनी, बराच वेळ हसलं. मी शर्ट वरच धरून ठेवला. हसा म्हटलं, पोटभर हसा, पण त्या पोराच्या शेजारची जागा भरा.

तेवढ्यात इश्वर सतरंजीवरून उठला. त्याने वर्षभर जपून ठेवलेलं वाक्य आता येणार, हे मला दिसत होतं. "मी शर्ट काढून गेलतो," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "बेल्ट घालून कोन लाथ खाते?" मला ते ऐकून घ्यावं लागलं. त्याचा हक्क होता.

पण तोपर्यंत मोतीलाल मैदान ओलांडून लिलाधरकडे गेला होता. त्याने स्वतःच्या हाताने त्याला जर्सी घातली. गुणाबाईने पदर तोंडाला लावला. लिलाधर राखीव बाकावर जाऊन बसला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं दाटीने बसली.

सामन्याविषयी फार सांगण्यासारखं नाही. नव्वद मिनिटं दोन्ही संघांनी एकमेकांचे पाय लाथाडले. गोल नाही. शेवटच्या दोन मिनिटांत मोतीलालने लिलाधरला आत घेतलं, पंजा कापलेल्या कॅनव्हासच्या बुटात. तो एका जागी उभा राहिला. चेंडू त्याच्याकडे आला नाही. मग पेनल्टी. चार-चार झाल्या, साकोलीची पाचवी बाहेर गेली. आंधळगावच्या पाचव्या पेनल्टीला लिलाधर लंगडत पुढे गेला.

त्याचं टोचणं साकोलीच्या गोलकीपरने उपांत्य सामन्यात कडेला बसून पाहिलं होतं. तो आधीच दात खाऊन तयार होता. लिलाधर धावत आला नाही. धावूच शकत नव्हता. तो चेंडूजवळ जाऊन उभा राहिला, जसा घरासमोर उभा राहतो तसा, आणि तळव्याच्या आतल्या कडेने त्याने चेंडू नुसता सरकवला. तोफ येणार म्हणून गोलकीपर उजवीकडे झेपावला. चेंडू डावीकडून रमतगमत निघाला. इतका हळू, की मला मधे दोनदा वाटलं हा थांबतो. तो रेषा ओलांडून थांबला.

मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. ज्योत्सना म्हणते, ते इथे लिहू नका.

आता गुणांचं. धर्मेंद्रांनी नियमावली काढली. कलम नऊ: बरोबरी सोडवण्यासाठी मारलेल्या गोलला गुण नाहीत. दहा मिनिटांपेक्षा कमी खेळल्यास एक गुण. कर्णधार म्हणून दुप्पट, फायनल म्हणून चौपट, एकूण आठ. इश्वरचा साकोलीवाला नव्वद मिनिटं पळाला होता. मी सगळ्यात वरून सगळ्यात खाली आलो. खुर्ची इश्वरला मिळाली, कॅन मला. सलग चौथं वर्ष. धर्मेंद्रांनी विचारलं, निर्णयावर आक्षेप आहे काय. मी म्हणालो, आहे, पण तो तुमच्या चौदा पानांत बसणार नाही.

बक्षीस समारंभाला पाणी हवं होतं. मी नळावर गेलो, कॅन भरला. माझी कंबर मधेच अडकणार आणि ते पाहायला मिळणार, या आशेने मागे अकरा माणसं उभी होती. मी वाकलो. कॅन उचलला. खांद्यावर घेतला. कुठे काही अडकलं नाही, चमक नाही, काही नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की बुधवारी मी एका जवान पोराला पाठीवर घेऊन दोन मजले चढलो होतो आणि तेव्हाही काही झालं नव्हतं.

इश्वर माझ्याबरोबर चालू लागला. अदब गेली होती, जुना आवाज परत आला होता. "खरं सांग बे ताराचंद. लातेनं उतरली का बेल्टानं?"

याचं उत्तर मला माहीत नाही आणि कधीच कळणार नाही. दोन्ही एकाच वेळी वापरणाऱ्याला ते कळत नसतं. मी म्हणालो, "बाजूला हो, पाणी जाऊन राहिलं."

मैदानावर पोचलो तर इश्वरच्या खुर्चीत लिलाधर बसला होता, पाय समोरच्या पेटीवर ठेवून. त्याला तिथे इश्वरनेच बसवलं होतं. पहिला गिलास मी त्याला दिला. दुसरा गुणाबाईला. तिने पाणी पिऊन गिलास परत केला आणि पुढच्या वेळी आधी पाठ दाखवायची, असं मला बजावलं. तोवर आमच्या ओळीतले तिघे जण लिलाधरच्या मागे येऊन आपापली कंबर चाचपत उभे होते. तीन आठवडे बंद आहे, असं मी त्यांना सांगितलं आणि हाकललं.

पुढच्या हंगामाचे अर्ज आठ महिन्यांनी मिळतात. मी धर्मेंद्रांकडून एक आताच आणून ठेवला आहे. पहिलं नाव लिलाधर, पुढे कर्णधार. भाव काय लिहू, असं धर्मेंद्रांनी विचारलं, तर मी सांगितलं की फळ्यावर तुम्हाला हवा तो लिहा. कर्णधार बदलाचा कोरा अर्जही त्याला टाचून ठेवला आहे, कारण अंगठ्याचं काही सांगता येत नाही. रकाना सात मी आधीच भरला आहे. दुखापतीचे कारण: काहीही असो, विचारणा प्रथम माझ्याकडे करावी. खाली सही केली आहे, तीन प्रतींत.